युद्धातील लैंगिक हिंसेनंतर कलाउपचार नेमके काय करतो

युद्ध म्हटले की स्त्रियांवर अत्याचार व्हायचेच, असे जग फार काळ गृहीत धरून चालले होते. या समजुतीला मोठा धक्का बसला तो नव्वदच्या दशकात. रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 1998 मध्ये अकायेसू खटल्यात बलात्कार हे वंशसंहाराचे साधन असू शकते असा निर्वाळा दिला. पुढे 2001 मध्ये माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने बोस्नियातील फोचा येथे स्त्रियांना आणि मुलींना डांबून ठेवून त्यांच्यावर केलेल्या अत्याचारांबद्दल तिघांना शिक्षा सुनावली आणि हे कृत्य मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत मोडते हे स्पष्ट केले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2008 मध्ये ठराव क्रमांक 1820 संमत करून लैंगिक हिंसा हे युद्धाचे डावपेच म्हणून वापरले जाते हे मान्य केले. एवढे होऊनही 2023 या एका वर्षात संयुक्त राष्ट्रांनी खातरजमा केलेल्या अशा प्रकरणांची संख्या 3,688 होती, म्हणजे आदल्या वर्षाच्या दीडपट, आणि त्यांतील सुमारे 95 टक्के स्त्रिया व मुली होत्या. ज्यांच्यापर्यंत कोणी पोहोचले आणि ज्या बोलू शकल्या, त्यांच्याच प्रकरणांचा हा हिशेब आहे.

गुन्हेगाराला कोणती शिक्षा करायची ते कायदा सांगतो. जी स्त्री वाचली तिची झोप, तिचे शरीर, तिचे घरातले स्थान आणि तिची पुढची तीस-चाळीस वर्षे यांचे काय करायचे, याचे उत्तर कायद्याकडे नसते. त्यासाठी वैद्यकीय उपचार लागतात, मानसोपचार लागतात, उत्पन्नाचे साधन लागते आणि सोबत लागते. या मदतीच्या प्रकारांपैकीच एक म्हणजे कलाउपचार. चित्रे काढून मन रमवणे, एवढाच त्याचा अर्थ बहुतेकांच्या मनात असतो. हा लेख तो गैरसमज दूर करण्यासाठी आहे, आणि या उपचाराविषयी भलत्याच आशा बाळगल्या जाऊ नयेत यासाठीही आहे.

कलाउपचार म्हणजे प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीने, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी, चित्र, माती, कापड, चिकटकाम अशा माध्यमांतून स्वतःच्या अनुभवाशी केलेले काम. या अर्थाने हा शब्द प्रथम वापरला तो एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने, 1942 मध्ये. क्षयरोगातून बरे होताना चित्रकलेचा आधार मिळाल्याचे त्याने स्वतः अनुभवले होते. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग आणि एडिथ क्रेमर यांनी या कामाला उपचारपद्धतीचे रूप दिले. चित्र चांगले आले की वाईट, हा प्रश्न येथे विचारलाच जात नाही. काढलेले चित्र बहुधा कोणालाही दाखवायचे नसते, आणि आयुष्यात कधी हातात ब्रश न धरलेली स्त्रीही या उपचाराला तेवढीच पात्र असते.

शब्द का अडतात

अत्याचाराविषयी बोलता न येण्याची दोन कारणे असतात. एक शरीरातले आणि दुसरे समाजातले.

नेहमीच्या आठवणीला क्रम असतो. आधी काय झाले, मग काय झाले, ते कुठे आणि केव्हा झाले, हे आपण सांगू शकतो, कारण मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग प्रसंगाला काळ आणि ठिकाण यांची जोड देत असतो. जीवघेण्या भीतीच्या क्षणी मात्र धोक्याची सूचना देणारा अमिग्डाला हा भाग सर्व सूत्रे हाती घेतो आणि आठवण सलग साठवली जात नाही. तिचे तुकडे उरतात. बुटांचा आवाज, डिझेलचा वास, मनगटावरची पकड, छताचा एक कोपरा. पुढे कधीतरी तसाच वास आला की तो तुकडा जागा होतो, आणि तो जुना आहे हे शरीराला कळत नाही. ते सारे आत्ता, याच क्षणी घडत असल्यासारखे हृदय धडधडू लागते. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आघातोत्तर ताणाच्या मोजक्या रुग्णांना त्यांच्याच अनुभवाचे वर्णन ऐकवून मेंदूची छायाचित्रे घेण्यात आली, तेव्हा भावनांशी आणि दृश्य प्रतिमांशी संबंधित भाग सक्रिय झालेले दिसले, तर बोलणे घडवणाऱ्या ब्रोका या भागातील हालचाल मंदावलेली दिसली. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्याच्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. तरी आठवण चित्रांच्या रूपात येते आणि शब्द मात्र फुटत नाहीत, ही अशा स्त्रियांची तक्रार त्याच्याशी जुळते.

शरीर गोठून जाणे हाही या आठवणीचा एक भाग असतो. स्टॉकहोममध्ये बलात्कारित स्त्रियांसाठी असलेल्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील 70 टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी हातपाय लक्षणीय प्रमाणात जड झाल्याचे, ओरडता किंवा हलता न आल्याचे सांगितले. या स्त्रिया युद्धातल्या नव्हत्या, परंतु शरीराची प्रतिक्रिया तीच असते. प्राण वाचवण्यासाठी शरीराने आपोआप केलेली ही कृती असते, आणि तरीही ‘मी प्रतिकार का केला नाही’ हा प्रश्न ती स्त्री वर्षानुवर्षे स्वतःलाच विचारत राहते.

दुसरे कारण आजूबाजूच्या माणसांचे. युद्धातला अत्याचार अनेकदा कुटुंबाच्या डोळ्यांदेखत किंवा संपूर्ण वस्तीला धाक बसावा म्हणून केला जातो. त्यामुळे घडले ते सर्वांना ठाऊक असते आणि त्याविषयी कोणीच बोलत नाही. नवरा सोडून देईल, मुलींची लग्ने होणार नाहीत, घराण्याचे नाव जाईल, या भीतीने तोंड बंद ठेवले जाते. शिवाय अत्याचार ही तिच्यावर आलेली एकमेव आपत्ती नसते. घर जळालेले असते, भाऊ किंवा मुलगा बेपत्ता असतो, ती स्वतः छावणीत राहत असते, आणि काहींच्या पदरी त्या अत्याचारातून जन्मलेले मूल असते. अशा स्त्रीला पहिल्याच भेटीत ‘काय झाले ते सांगा’ असे म्हणणे निरुपयोगी तर आहेच, अनेकदा घातकही आहे.

अत्याचाराच्या क्षणी तिच्याकडून सर्वांत आधी हिरावून घेतला जातो तो निर्णय. कोण जवळ येईल, कोण हात लावेल, केव्हा थांबायचे, यांतले काहीच तिच्या हाती राहत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे कलाउपचाराचे खरे काम येथून सुरू होते. कोणता कागद, कोणता रंग, किती वेळ, बोलायचे की गप्प बसायचे, ठेवायचे की फाडायचे, असे लहान लहान निर्णय तिच्याकडे परत सोपवत जाणे हाच या उपचाराचा गाभा आहे, आणि त्यातून तयार होणारे चित्र हे त्या निर्णयांची केवळ खूण असते.

खोलीत काय घडते

आघातातून सावरण्याचे तीन टप्पे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये मांडले: सुरक्षितता, आठवण आणि शोक, आणि मग पुन्हा जगाशी जोडले जाणे. हे टप्पे एका रेषेत पुढे सरकत नाहीत. एखादी बातमी, एखादी साक्ष किंवा एखादी तपासणी माणसाला पुन्हा पहिल्या टप्प्यावर आणून सोडते. तरी पहिला टप्पा वगळून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही, हे अनेक अनुभवी उपचारक मानतात, आणि म्हणून सुरुवातीचे कित्येक आठवडे कलाउपचारात अत्याचाराचा विषयही निघत नाही.

सुरक्षिततेची सुरुवात खोलीपासून होते. दाराला आतून कडी घातलेली नसते. बसलेल्या जागेवरून दार दिसते आणि पाठीमागे भिंत असते, कारण मागून कोणी येईल ही धास्ती शरीरात मुरलेली असते. दुभाषी लागत असेल तर ती स्त्री असते, आणि ती कोणत्या गावची, कोणत्या गटाची, हे आधी विचारून घेतलेले असते. ज्या बोलीत धमक्या ऐकल्या तीच बोली पुन्हा कानावर पडली तर उपचार तेथेच संपतो. टेबलावर साहित्य मांडलेले असते आणि त्यातले काय उचलायचे ते तिचे ती ठरवते. उपचारक शेजारी, थोड्या अंतरावर बसते. समोरासमोर बसून डोळ्यांत पाहत बोलण्याची सक्ती नसणे हा या पद्धतीचा एक मोठा, पण सहसा लक्षात न येणारा फायदा आहे. दोघींची नजर कागदावर असते, त्यामुळे बोलणे सोपे जाते आणि गप्प बसणे अवघडल्यासारखे वाटत नाही.

पहिल्या दिवशी एखादी स्त्री पेन्सिल उचलते, कागदाच्या कोपऱ्यात नखाएवढी चौकट काढते आणि थांबते. उरलेला सगळा कागद कोरा. अननुभवी मदतनीस अशा वेळी म्हणेल, ‘अजून काहीतरी काढा ना.’ अनुभवी उपचारक काही वेळ काहीच बोलत नाही. मग ती विचारते की या चौकटीला आजूबाजूला मोकळी जागा हवी आहे, की कागद मोठा वाटतो आहे. लहान कागद दिला तर बरे वाटेल का? स्त्री मान हलवते आणि तळहाताएवढा कागद घेते. बाहेरच्या माणसाला त्या तासाभरात काहीच घडले नाही असे वाटेल. प्रत्यक्षात तिने एक गोष्ट नको म्हटली, दुसरी मागितली आणि तिला ती मिळाली.

ही उपचारक एक गोष्ट कटाक्षाने टाळते, ती म्हणजे चित्राचा अर्थ सांगणे. लाल म्हणजे रक्त, काळा म्हणजे नैराश्य, खिडकी नसलेले घर म्हणजे कैद, असली कोष्टके लोकप्रिय आहेत आणि ती निराधार आहेत. लाल रंग तिच्या आईच्या ओढणीचाही असू शकतो. दुसऱ्याने येऊन तिच्या चित्राचा अर्थ ठरवून टाकला, तर तिच्या अनुभवाची मालकी पुन्हा एकदा परक्याकडे जाते. म्हणून प्रश्न विचारले जातात ते साधे आणि उघडे: हे झाड कुठे उभे आहे, या रस्त्यावर आत्ता किती वाजले असतील, या चित्रात आणखी कोणी असायला हवे होते का.

कधी चित्र काढता काढता जुनी आठवण अचानक उसळते, श्वास जलद होतो, नजर शून्यात जाते. अशा वेळी चित्र बाजूला ठेवले जाते. पाय जमिनीवर टेकवायला, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घ्यायला, थंड पाण्याचा पेला हातात धरायला सांगितले जाते, म्हणजे शरीराला आजची तारीख आणि आजची जागा कळते. तासाची शेवटची दहा-पंधरा मिनिटे आवरण्यासाठी राखलेली असतात. जे काढले ते कुठे ठेवायचे, हे त्या वेळी ठरते. पुष्कळ ठिकाणी झाकण असलेली पेटी वापरली जाते. नको असलेले चित्र पेटीत जाते, झाकण लागते आणि पेटी उपचारकाच्या कपाटात राहते. त्या आठवणीसह बाहेर पडून तिला छावणीच्या तंबूत मुलांसाठी स्वयंपाक करायचा असतो, हे उपचारकाने कधीही विसरता कामा नये.

कागद, माती आणि सुई

कोणते माध्यम केव्हा द्यायचे, यामागे बराच विचार असतो. पेन्सिल आणि रंगीत खडू हातात राहतात. रेष जेथे थांबवावी तेथे थांबते. जलरंग पसरतात, मिसळतात, कागदावर मनमानी करतात, आणि त्यासोबत भावनाही उसळून येतात. म्हणून नियंत्रण हरवण्याच्या भीतीने ग्रासलेल्या स्त्रीला आरंभीच जलरंग देत नाहीत. मासिकांतील चित्रे कापून चिकटवणे हे आणखी सुरक्षित, कारण चित्र ‘येत नाही’ ही लाज त्यात उरत नाही आणि कात्रीने काय ठेवायचे व काय वगळायचे ते आपण ठरवतो. माती दाबता येते, आपटता येते, मोडून पुन्हा घडवता येते, त्यामुळे दडपलेल्या संतापाला ती वाट देते. परंतु ओली, चिकट माती काहींना नकोशा स्पर्शाची आठवण करून देते, आणि म्हणून ती देण्याआधी विचारावे लागते. हातमोजे, कोरडी माती किंवा मेण हे पर्याय जवळ ठेवलेले असतात.

पूर्णाकृती देहचित्र ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसोबत केलेल्या कामातून पुढे आली. मोठ्या कागदावर आडवे व्हायचे, दुसऱ्या कोणी शरीराभोवती रेष काढायची आणि मग त्या आकृतीत वेदना, बळ, आठवणी रंगवायच्या. पद्धत प्रभावी आहे, पण लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीला पाठीवर झोपवून तिच्या अंगाभोवती हात फिरवणे म्हणजे काय, याचा विचार न करता ती वापरली गेली तर नुकसान होते. म्हणून येथे उभ्याने भिंतीवरच्या कागदावर स्वतःच रेष काढणे किंवा वहीच्या पानावर लहान आकृती काढणे असे बदल करतात. एखादे प्रसिद्ध तंत्र उचलून जसेच्या तसे लागू करणाऱ्या प्रकल्पांपासून सावध राहावे ते यासाठीच.

माझ्या मते या सर्वांत सुई-दोऱ्याला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही. अनेक समाजांतील स्त्रियांच्या हाताला भरतकाम आणि शिवणकाम लहानपणापासून ओळखीचे असते, त्यामुळे ‘मला चित्रकला येत नाही’ हा अडथळाच येत नाही. दोन्ही हात एका लयीत चालतात. चुकलेला टाका उसवता येतो. काम मांडीवर घेऊन चार जणी एकत्र बसल्या की बाहेरून पाहणाऱ्याला ते शिवणकामच दिसते, आणि जेथे मानसोपचाराला जाणे हाच एक डाग मानला जातो तेथे हे आवरण फार मोलाचे ठरते. चिलीमध्ये 1973 च्या लष्करी उठावानंतर ज्यांचे पती, मुलगे बेपत्ता झाले त्या स्त्रियांनी सान्तियागोत चर्चच्या आश्रयाने गोणपाटावर चिंध्यांचे तुकडे शिवून आपली हकिगत सांगणारी चित्रे तयार केली. तो उपचार म्हणून सुरू झालेला उपक्रम नव्हता, आणि त्यातील दुःख प्रामुख्याने बेपत्ता माणसांचे होते. तरी कापडावर आपली गोष्ट शिवण्याची ती रीत पुढे अनेक देशांतील स्त्रियांच्या गटांनी उचलली.

चित्र कोणाचे

दक्षिण कोरियात, दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांपैकी किम हाक-सुन यांनी 14 ऑगस्ट 1991 रोजी प्रथम स्वतःच्या नावानिशी जाहीर साक्ष दिली. त्यानंतर अशा वृद्ध स्त्रियांसाठी 1992 मध्ये एक निवास सुरू झाला आणि तेथे चित्रकलेचे वर्ग घेण्यात येऊ लागले. सत्तरीच्या आसपास पोहोचलेल्या या स्त्रियांनी प्रथम साधी चित्रे काढली, आणि पुढे हळूहळू ते दिवस कागदावर उतरू लागले. कांग दुक-क्योंग यांच्या एका चित्रात फुललेले चेरीचे झाड आहे, त्या झाडात गणवेशातला सैनिक आहे, आणि खाली तोंड हातांनी झाकून घेतलेली मुलगी पडलेली आहे. किम सून-दुक यांनी कोरियन पोशाखातली मुलगी काढली आणि तिच्यासोबत न उमललेल्या कळ्या. पन्नास वर्षे जे बोलले गेले नव्हते ते त्या चित्रांनी सांगितले, आणि ती चित्रे देशोदेशी प्रदर्शनांतून दाखवली गेली. येथे चित्र उपचाराच्या खोलीतून बाहेर पडून साक्षीचे रूप घेते. त्या स्त्रियांनी स्वतः जाहीरपणे उभे राहण्याचा निर्णय घेतला होता, म्हणून ते योग्य होते.

बांगलादेशाच्या फिरदौसी प्रियभाषिणी यांची वाट वेगळी. 1971 च्या मुक्तियुद्धात अत्याचार झालेल्या स्त्रियांना सरकारने ‘बीरांगना’ हा सन्मान दिला, पण समाजाने त्यांना बहुतांशी तोंड लपवायला लावले. प्रियभाषिणी यांनी अनेक वर्षांनंतर उघडपणे आपला अनुभव सांगितला. त्या शिल्पकार होत्या. वाळलेल्या फांद्या, मुळे, टाकून दिलेले लाकूड यांतून त्या आकार शोधत. त्यांना 2010 मध्ये स्वाधीनता पुरस्कार मिळाला आणि 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कलेला कलाउपचार म्हणणे मला योग्य वाटत नाही. ती एका कलावंताची निर्मिती होती आणि तिला उपचाराच्या चौकटीत बसवले की त्या कलावंताला पुन्हा ‘पीडित’ एवढीच ओळख उरते. अत्याचार सोसलेल्या स्त्रीने घडवलेली प्रत्येक वस्तू आपण तिच्या जखमेशीच जोडून पाहू लागतो, ही सवय मोडायला हवी.

कोसोवोत आणखी तिसरी गोष्ट घडली. कलावंत अल्केता जाफा-म्रिपा यांनी 12 जून 2015 रोजी प्रिश्तिना येथील फुटबॉलच्या मैदानावर दोऱ्या बांधून लोकांनी दिलेले हजारो स्कर्ट आणि झगे वाळत घातल्यासारखे टांगले. 1998-99 च्या युद्धात अत्याचार झालेल्या स्त्रियांनी समोर यावे, बोलावे, अशी अपेक्षा त्यात नव्हती. कपडा देणारी स्त्री कोण, हे कोणाला कळत नव्हते. बोलण्याचा भार त्या एका स्त्रीवरून उतरून संपूर्ण शहरावर आला होता. कोसोवोत अशा स्त्रियांना मासिक निवृत्तिवेतन देण्याची तरतूद 2018 पासून प्रत्यक्षात आली. त्यामागे अनेक संघटनांचे वर्षानुवर्षांचे काम आहे. एका कलाकृतीला त्याचे श्रेय देता येणार नाही. परंतु उघड्यावर बोलणे शक्य झाले, याला त्या मैदानाचाही हातभार लागला असावा.

याउलट, छावणीत दोन आठवड्यांची कार्यशाळा घ्यायची, स्त्रियांनी काढलेली चित्रे निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमात लावायची, खाली वय आणि देश लिहायचा आणि निघून जायचे, हा प्रकार मला अत्यंत आक्षेपार्ह वाटतो. मदत हवी असलेली स्त्री नकार देऊ शकत नाही, म्हणून तिच्या होकाराला अर्थ राहत नाही. उपचाराच्या तासात काढलेले चित्र हे डॉक्टरांच्या कागदपत्रांइतकेच गोपनीय मानले पाहिजे. अशा स्त्रियांकडून माहिती घेताना कसे वागावे याची नियमावली 2022 मध्ये नादिया मुराद यांच्या नावाने जाहीर झाली. मुराद या स्वतः 2014 मध्ये इराकमधील सिंजार येथे यझिदी या अल्पसंख्याक धार्मिक समाजावर झालेल्या हल्ल्यानंतर कैदेतून सुटलेल्या. त्या नियमावलीचे सूत्र असे की प्रत्येक स्त्री वेगळी आहे, तिला नकार देण्याचा, मत बदलण्याचा आणि मध्येच थांबण्याचा अधिकार आहे, आणि तिला गरज नसताना पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नये. चित्रांनाही हे नियम लागू करायला हवेत. आज दिलेली संमती दहा वर्षांनी, मुले मोठी झाल्यावर, तिला मागे घ्यावीशी वाटू शकते, आणि एकदा इंटरनेटवर गेलेले चित्र मागे घेता येत नाही.

उपयोग किती, हे प्रामाणिकपणे

कलाउपचाराने बरे वाटते असे अनेक स्त्रिया सांगतात, आणि त्यांचे सांगणे महत्त्वाचे आहे. मात्र संशोधनाचा पुरावा अजून पातळ आहे. बहुतेक अभ्यास लहान गटांवरचे आहेत, तुलनेसाठी दुसरा गट नसलेले आहेत, आणि युद्धातील लैंगिक हिंसेवरचे तर मोजकेच. पूर्व काँगोत मात्र गटाने घेतल्या जाणाऱ्या, बोलण्यावर आधारलेल्या एका उपचारपद्धतीचा नीट अभ्यास झाला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 405 स्त्रिया होत्या, उपचार देणाऱ्या स्थानिक स्त्रियांना त्यासाठी प्रशिक्षण दिलेले होते, आणि उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी त्या गटातील 9 टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य किंवा चिंताविकाराची शक्यता आढळली, तर केवळ वैयक्तिक आधार मिळालेल्या गटात हेच प्रमाण 42 टक्के होते. जेथे अशी सिद्ध झालेली पद्धत उपलब्ध आहे तेथे ती नाकारून केवळ रंग आणि कागद देणे अन्यायाचे होईल. कलाउपचाराची जागा तिच्या आधी आणि तिच्या सोबत आहे. जिला बोलणे अजून शक्य नाही तिला खोलीपर्यंत आणणे, जिला भाषांतराची भिंत आडवी येते तिला वाट करून देणे, आणि बोलण्याने थकलेल्या दिवशी हाताला काम देणे, हे तो करू शकतो.

शिवाय रिकाम्या पोटी आणि दुखणाऱ्या शरीराने कोणताही मानसोपचार लागू पडत नाही. डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी काँगोतील बुकावू येथे 1999 मध्ये उभ्या केलेल्या पांझी रुग्णालयात शस्त्रक्रिया, मानसिक उपचार, कायदेशीर मदत आणि उपजीविकेचे शिक्षण या चार गोष्टी एकत्र दिल्या जातात. मुक्वेगे आणि मुराद यांना 2018 चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा या एकत्र कामाकडे जगाचे लक्ष गेले. याच रुग्णालयात संगीताचाही उपयोग झाला आहे. स्त्रिया आपली गाणी स्वतः रचून ध्वनिमुद्रित करतात. गाणे असो की चित्र, ते शस्त्रक्रियेनंतर आणि रोजगाराच्या आधी कोठेतरी मधे उभे असते, आणि मागचे-पुढचे खांब काढून घेतले तर ते एकटे टिकत नाही.

उपचारकांचाही विचार करावा लागतो. रोज अशी चित्रे पाहणाऱ्या व्यक्तीलाही झोप न लागणे, चिडचिड, सुन्नपणा जाणवू लागतो, आणि स्थानिक उपचारक तर बहुतेक वेळा त्याच युद्धातून वाचलेली असते. तिच्यासाठी नियमित मार्गदर्शन, रजा आणि बोलायला जागा ठेवणे हा खर्च अनेक देणगीदार अनावश्यक समजतात. तो अनावश्यक नाही. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांनी वर्षभर स्वतः उपचार करण्यापेक्षा स्थानिक स्त्रियांना शिकवून मागे सरणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण तज्ज्ञ परतल्यावरही गरज तशीच शिल्लक असते.

ती किती काळ शिल्लक राहते, हे बोस्नियात दिसते. जर्मनीत काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ मोनिका हाउझर यांनी स्थानिक डॉक्टर आणि समुपदेशक स्त्रियांसोबत 1993 मध्ये, युद्ध चालू असतानाच, झेनिका या शहरात अत्याचारित स्त्रियांसाठी मेडिका हे केंद्र सुरू केले. त्या वेळी विशी-तिशीत असलेल्या स्त्रिया आता पन्नाशी-साठीत आहेत. साध्या स्त्रीरोग तपासणीसाठी टेबलावर झोपावे लागले, मुलीचे वय आपल्या तेव्हाच्या वयाएवढे झाले, किंवा युक्रेनमधल्या युद्धाची दृश्ये दूरदर्शनवर लागली, की तीस वर्षे शांत असलेली आठवण पुन्हा डोके वर काढते. अशा स्त्रीला नव्याने नोंदणी न करता, आपली जुनी फाइल आणि आपली जुनी पेटी जेथे आहे तेथेच परत जाता यायला हवे. म्हणून अशा केंद्रांचा खर्च तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या हिशेबाने न मांडता त्या स्त्रियांच्या हयातीच्या हिशेबाने मांडावा लागतो.